लाइक लाखांत, मतं मोजकीच!

५६ लाख फॉलोअर्स. आणि मतं? १५५!

टायपो नाही हा, मंडळी. निवडणूक २०२४ ची महाराष्ट्र विधानसभेची, मतदारसंघ मुंबईतला वर्सोवा आणि उमेदवार ‘बिग बॉस’फेम एजाज खान. इन्स्टाग्रामवर ५६ लाखांची फौज पाठीशी. मशीनमधून निघाली १५५ मतं. त्याच मतदारसंघात ‘नोटा’नं हजाराचा आकडा सहज ओलांडला. म्हणजे ना चेहरा, ना रील, ना ब्लू टिक, तरी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ पुढे!

तर असा आहे सोशल मीडियावरच्या प्रचाराचा मामला. लायटिंग झकास, म्युझिक जोरात आणि निकालाच्या दिवशी सस्पेन्स फुल्ल! चला, अंगठा मोकळा करा. स्क्रोल सुरू!

उमेदवार शून्य, व्हिडिओ हाऊसफुल्ल

माहीत आहे का? २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रभर ज्याच्या सभांचे व्हिडिओ धो धो फिरले, त्या नेत्याच्या पक्षाचा एकही उमेदवार रिंगणात नव्हता! ‘लाव रे तो व्हिडिओ’ असं राज ठाकरे म्हणायचे आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणं नि जाहिराती सुरू व्हायच्या. मेळघाटातल्या हरिसाल या ‘डिजिटल गावा’च्या जाहिरातीत झळकलेला तरुण तर त्यांनी थेट स्टेजवरच आणून उभा केला.

निकाल? भाजप-शिवसेना युतीला ४८ पैकी ४१ जागा. व्हिडिओ लागला, पण लागू पडला नाही!

नो छत्री, नो फिल्टर

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मात्र उलटा चमत्कार. १८ ऑक्टोबर २०१९, सातारा. भरसभेत पाऊस कोसळला. शरद पवारांनी छत्री नाकारली आणि भिजत भाषण ठोकलं. ना स्क्रिप्ट, ना रिटेक. पाहता पाहता तो फोटो फोनाफोनांत पोहोचला. मतदान होतं तीनच दिवसांनी, २१ तारखेला. साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत पवारांचे उमेदवार श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजे भोसले यांना हरवलं.

ढगांना पीआर एजन्सीचं बिल द्यावं लागत नाही, हा सर्वांत मोठा फायदा!

मीमचा मुख्यमंत्री

‘मी पुन्हा येईन!’ आठवतंय ना? २०१९ मध्ये देवेंद्र फडणवीसांचं हे वाक्य मीमवाल्यांनी अक्षरशः पिळून काढलं. गंमत पुढे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते आले, पण जेमतेम ८० तासांसाठी. २०२२ मध्ये आले, पण ‘उप’ लावून. आणि ५ डिसेंबर २०२४ ला मुख्यमंत्री म्हणून खरोखरच पुन्हा आले. ज्या मीमनं पाच वर्षं टिंगल केली, तेच शेवटी समर्थकांनी मिरवलं. जोक कुणावर झाला, ते तुम्हीच ठरवा!

काय ती झाडी, काय तो निकाल!

जून २०२२. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील शिवसेनेच्या बंडखोर आमदारांसोबत गुवाहाटीच्या हॉटेलात. कार्यकर्त्याशी फोनवर निवांत गप्पा. झाडी, डोंगार, हाटील आणि ‘एकदम ओके’! ऑडिओ क्लिप फुटली आणि बापू रातोरात स्टार. रिमिक्स आले, टी-शर्ट आले, लग्नाच्या वरातीत डीजेवर वाजलं.

आणि २०२४ च्या विधानसभेत? सांगोल्याची सीट गेली शेतकरी कामगार पक्षाच्या डॉ. बाबासाहेब देशमुखांकडे. क्लिप ओके, सीट नॉट ओके.

दोन शब्दांत खेळ खल्लास

जाहीरनामा किती पानांचा असावा? कोल्हापूरकरांनी २०१९ मध्ये उत्तर दिलं: दोन शब्दांचा. ‘आमचं ठरलंय!’ काँग्रेसच्या सतेज पाटलांनी आघाडीतल्याच राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांविरुद्ध ही घोषणा सोडली. काय ठरलंय, कुणाचं ठरलंय, काही सांगायची गरजच नव्हती. स्टेटसवर, स्टिकरवर, गाड्यांच्या काचांवर तेच. निकालात शिवसेनेचे संजय मंडलिक जिंकले. हॅशटॅग कसा असावा, याचा क्रॅश कोर्स फुकटात!

हॅलो, मैं अटल बिहारी...

व्हॉट्सॲपच्या आधी प्रचार मोबाईलवर नव्हता असं वाटतं? चूक! २००४ मध्ये फोन वाजायचा, उचलला की पलीकडे साक्षात अटल बिहारी वाजपेयी. अर्थात रेकॉर्ड केलेले. ‘इंडिया शायनिंग’चा जमाना होता तो. लोकांनी फोन ऐकला, आवाज ओळखला, कौतुकही केलं आणि सरकार बदललं. राँग नंबर लागला म्हणायचं!

एक नेता, त्रेपन्न स्टेज

१० डिसेंबर २०१२. नरेंद्र मोदी एकाच वेळी गुजरातमधल्या ५३ ठिकाणी भाषण करत होते. थ्रीडी प्रतिमेच्या जोरावर! या प्रयोगानं थेट गिनीज बुकात जागा मिळवली.

आणि माहीत आहे का, ही हायटेक वाटणारी जादू किती जुनी? १८६२ मध्ये लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी काचेवरच्या प्रतिबिंबातून स्टेजवर भूत उभं केलं होतं. ‘पेपर्स घोस्ट’ नावानं ती युक्ती नाटकवाल्यांची लाडकी झाली. दीडशे वर्षांनी भूत रिटायर झालं आणि नेते कामावर रुजू झाले!

सेल्फी आणि एफआयआर

३० एप्रिल २०१४, अहमदाबाद. मतदान करून मोदी बाहेर आले, हातात छोटंसं कमळ धरून त्यांनी सेल्फी काढला. मतदानाच्या दिवशी पक्षचिन्हाचं प्रदर्शन? निवडणूक आयोगानं गुन्हा नोंदवायला सांगितलं. पुढे पोलिसांनी क्लीन चिट दिली. दरम्यान, शाईचं बोट दाखवत सेल्फी काढणं हा देशाचा राष्ट्रीय छंद होऊन बसला. बूथच्या बाहेर बरं का! आत फोटो काढायला बंदी आहे.

रस्ते ३ हजार, स्थळं ४४ हजार

बिहारमध्ये २०१६ साली उपमुख्यमंत्री तेजस्वी यादव यांनी खराब रस्त्यांच्या तक्रारींसाठी एक व्हॉट्सॲप नंबर जाहीर केला. सुमारे ४७ हजार मेसेज आले. त्यातले तब्बल ४४ हजार होते लग्नाच्या मागण्या! काही जणींनी उंची, रंग, सगळा बायोडेटाच धाडला. खड्डे बिचारे वाट बघत राहिले.

आणि वडील लालूप्रसादही काही कमी नव्हेत. २०१५ च्या प्रचारात त्यांनी डबस्मॅशवर मोदींच्याच आवाजावर ओठ हलवून खिल्ली उडवली होती. रील्सच्या आधीचं रील!

मशरूम बिर्याणी आणि मतांची फोडणी

जानेवारी २०२१. तमिळनाडूची निवडणूक तोंडावर. राहुल गांधी थेट पोहोचले ‘व्हिलेज कुकिंग चॅनल’च्या शेतात. मशरूम बिर्याणी शिजली, कांदा-दह्याचं रायतं राहुलनी स्वतः कालवलं, केळीच्या पानावर पंगत बसली. भाषण नाही, आश्वासन नाही, तरी कोट्यवधींनी व्हिडिओ पाहिला. नव्या प्रचाराचं गुपित इथेच आहे: मुलाखतीत पत्रकार प्रश्न विचारतो, यूट्यूबर आधी जेवायला वाढतो!

आवाज कुणाचा?

आता जरा सांभाळून स्क्रोल करा. इथे भुतं आहेत, तीही डिजिटल.

फेब्रुवारी २०२०, दिल्ली. मतदानाच्या आदल्या दिवशी भाजपचे मनोज तिवारी इंग्रजीत आणि हरियाणवीत बोलताना दिसले. मूळ व्हिडिओ होता हिंदीत, बाकी ओठांची हालचाल कॉम्प्युटरची. भारतातल्या निवडणूक प्रचारातला हा पहिला गाजलेला डीपफेक. भाजपला ७० पैकी ८ जागा मिळाल्या. भाषा बदलली, भाग्य नाही.

जानेवारी २०२४, तमिळनाडू. द्रमुकच्या गोटातल्या कार्यक्रमात पडद्यावर आले एम. करुणानिधी. काळा चष्मा, पिवळी शाल, तोच आवाज. त्यांचं निधन झालं होतं २०१८ मध्ये!

इंडोनेशियात तर दिवंगत हुकूमशहा सुहार्तो यांनाच पडद्यावर आणून मतं मागितली गेली. पाकिस्तानात इम्रान खान तुरुंगात होते, पण त्यांचा एआय आवाज डिसेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन सभा गाजवत होता.

आणि आपल्याकडे? एप्रिल २०२५, नाशिक. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेच्या शिबिरात घुमलं बाळासाहेबांचं भाषण, एआयनं घडवलेलं. काहींच्या अंगावर काटा आला, विरोधकांच्या कपाळावर आठ्या. नेता गेल्यावर त्याच्या तोंडी शब्द कुणी घालायचे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आयोगानंही मे २०२४ मध्ये पक्षांना बजावलं: फसवा व्हिडिओ लक्षात आला की तीन तासांत हटवा!

चला, परदेश दौरा!

व्हिसा नको, नेटपॅक पुरे.

२००८. बराक ओबामांनी जाहीर केलं, उपाध्यक्षपदाचा उमेदवार कोण ते सर्वांत आधी एसएमएसनं कळवू; फक्त तुमचा नंबर द्या! लोकांनी धडाधड नंबर दिले. २३ ऑगस्टच्या पहाटे जो बायडेन यांचं नाव फोनवर झळकलं. बातमी चॅनलवाल्यांनी आधीच फोडली होती, पण ओबामांना काय फरक? लाखो मोबाईल नंबर खिशात! त्याच प्रचारात त्यांनी ‘बर्नआउट पॅराडाइज’ या कार-रेसिंगच्या व्हिडिओ गेममध्येही होर्डिंग लावली. गाडी ठोकण्याआधी मत ठोका!

२०१२. ओबामा पुन्हा जिंकले आणि मिशेलला मिठी मारतानाचा फोटो ट्विट झाला. तोवरचं सर्वाधिक रीट्विट झालेलं ट्विट! फोटो विजयाच्या रात्रीचा असेल ना? अजिबात नाही. तो ऑगस्टमधल्या आयोवातल्या प्रचारसभेचा होता. भावना ताजी, फोटो शिळा.

त्याच प्रचारात ईमेलचा विषय काय असावा, याच्या चाचण्या चालायच्या. सर्वांत हिट ठरलेल्या विषयांत एक होता फक्त ‘हे’ (Hey)! इतकं लिहून लाखो डॉलर. आपल्याकडे एवढ्यावर कुणी रिप्लायही देत नाही.

कॅमेरा बघतोय हां

२००६. यूट्यूबचं वय दीड वर्ष. व्हर्जिनियाचे सिनेटर जॉर्ज ॲलन यांच्या सभेत विरोधी गटाचा भारतीय वंशाचा एक तरुण कॅमेरा घेऊन उभा होता. ॲलन यांनी त्याच्याकडे बोट दाखवून ‘मकाका’ असा वंशद्वेषी शब्द वापरला. क्लिप यूट्यूबवर गेली, आघाडी वितळली आणि ॲलन दहा हजारांहून कमी मतांनी हरले. तेव्हापासून जगभरातल्या वॉर रूममध्ये एक नियम पक्का: विरोधकाच्या सभेत आपला कॅमेरा हवाच!

बुकिंग दहा लाख, खुर्च्या रिकाम्या

जून २०२०, अमेरिकेतलं टल्सा. डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभेसाठी दहा लाख जणांनी नोंदणी केल्याचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात १९ हजारांच्या स्टेडियममध्ये जेमतेम ६,२०० लोक! टिकटॉकवरची पोरं आणि के-पॉपचे चाहते म्हणाले, तिकिटं आम्ही बुक केली होती, गंमत म्हणून. कोरोनाची भीतीही होतीच म्हणा. पण के-पॉपच्या फॅन्सशी पंगा घेऊ नये, एवढं कळलं.

टिकटॉक: बंद करा, पण आधी आमचा व्हिडिओ बघा

ट्रम्प यांनी २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आणायचा घाट घातला. जून २०२४ मध्ये स्वतःच अकाउंट उघडलं! बायडेन यांची तऱ्हा त्याहून भारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या प्रचारानं टिकटॉकवर एंट्री घेतली आणि एप्रिलमध्ये ‘विका, नाहीतर बंद करा’ या कायद्यावर त्यांनीच सही केली.

भारतात टिकटॉक जून २०२० मध्ये गेलं. त्याआधी २०१९ मध्ये हरियाणात भाजपनं टिकटॉकस्टार सोनाली फोगाट यांना आदमपूरमधून उतरवलं होतं. त्या हरल्या. व्ह्यूज जगभरातून येतात, मतं मात्र मतदारसंघातूनच यावी लागतात!

अब्जाधीशाचे मीम

माहीत आहे का, मीमलाही रेट कार्ड असतं? २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतले अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी इन्स्टाग्रामवरच्या मीम पेजेसना पैसे देऊन स्वतःवर विनोद करून घेतले. एकूण प्रचारावर सुमारे १ अब्ज डॉलर उधळले. जिंकलं काय? अमेरिकन सामोआ हा चिमुकला द्वीपसमूह. बास!

उलट टोक बघा. रुमानिया, नोव्हेंबर २०२४. कॅलिन जॉर्जेस्कू यांनी प्रचारखर्च दाखवला शून्य. टिकटॉकच्या लाटेवर ते राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत थेट पहिले! मग टिकटॉकवरच्या छुप्या मोहिमेचा आणि परकीय हाताचा संशय आला आणि ६ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयानं अख्खी निवडणूकच रद्द केली. व्हायरल ते कॅन्सल, दोन आठवड्यांत.

आजोबा झाले क्यूट

इंडोनेशियाचे प्रबोवो सुबिआंतो म्हणजे माजी लष्करी जनरल. मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे गंभीर आरोप डोक्यावर. २०२४ च्या प्रचारात त्यांचं रूपडंच बदललं: एआयनं काढलेला गोबऱ्या गालांचा कार्टून अवतार आणि स्टेजवर ठुमकत नाच. टिकटॉकवरच्या तरुणांनी त्यांना ‘गमोय’ म्हणजे गोडुला ठरवलं. ५८ टक्के मतं घेऊन ते राष्ट्राध्यक्ष झाले. फिल्टर पिंपल्स झाकतो हे माहीत होतं. भूतकाळही झाकतो, हे नवीन!

सूट घालून डुबकी, लस्सी देऊन शिकवणी

१ जानेवारी २०२५. कडाक्याची थंडी. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर एक माणूस सूट-टायसकट समुद्रात शिरला. का? घरभाडं ‘फ्रीज’ करण्याचं वचन द्यायला! हे झोहरान ममदानी, दिग्दर्शिका मीरा नायर यांचे चिरंजीव. मग त्यांनी चिकन-राइसच्या गाडीवर जाऊन प्लेट दहा डॉलरची का झाली, यावर व्हिडिओ केला. पसंतीक्रमानं मत कसं द्यायचं, हे चक्क हिंदीत, लस्सीचे पेले मांडून समजावलं. ४ नोव्हेंबर २०२५ ला ते महापौरपदी निवडून आले. व्हिडिओ मजेदार, पण प्रत्येकात मुद्दा एकच: महागाई. एजाजभाईंची ५६ लाखांची फौज आणि ही लस्सी यांत फरक तो हाच!

ट्विट करू नका, निवडणूक चालू आहे

रोबोंच्या देशात, जपानमध्ये, २०१३ पर्यंत प्रचारकाळात इंटरनेटवर प्रचार करायला बंदी होती! वेबसाइट अपडेट नाही, ट्विट नाही. लाउडस्पीकर लावलेल्या गाड्या मात्र दिवसभर बोंबलत फिरायच्या. जुलै २०१३ च्या निवडणुकीत पहिल्यांदा नेट खुलं झालं.

आपले नियमही चटपटीत आहेत बरं! ऑक्टोबर २०१३ पासून उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात घर, गाडी, सोनं यांच्याबरोबर सोशल मीडिया अकाउंटही जाहीर करावी लागतात. ऑनलाइन जाहिरात, कंटेंट बनवणं, सोशल मीडिया सांभाळणाऱ्या पोरांचा पगार, सगळं प्रचारखर्चात धरलं जातं. २०२२ मध्ये ठरलेली कमाल मर्यादा महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख. गोव्यात अनुक्रमे ७५ आणि २८ लाख. मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद. त्या काळातल्या बेकायदा पोस्ट आयोगानं कळवल्यावर तीन तासांत काढण्याचं वचन सोशल मीडिया कंपन्यांनी २०१९ मध्ये दिलं.

तुमच्या लाडक्या व्हॉट्सॲपनंही भारतात २०१८ मध्ये एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्डची मर्यादा घातली. काकांचा गुड मॉर्निंगचा धंदा तेव्हाच मंदावला.

बटण एक, मतदार ३ लाख ४० हजार

हसून झालं? आता एक गंभीर आकडा. २०१० मध्ये फेसबुकनं अमेरिकेत ६ कोटींहून अधिक लोकांवर एक प्रयोग केला. ‘मी मतदान केलं’ हे बटण दाबणाऱ्या मित्रांचे चेहरे बहुतेकांना दाखवले. संशोधकांच्या अंदाजानुसार त्यामुळे सुमारे ३ लाख ४० हजार जादा लोक मतदानाला गेले. ना भाषण, ना जाहिरात. फक्त मित्रांचे फोटो! लोकांना खुर्चीतून उठवण्याची ताकद स्क्रीनमध्ये नक्की आहे. कुणाला मत द्यायचं, ते मात्र स्क्रीनच्या हाती सोपवू नका.

जाता जाता, तुमची पाळी

पुढच्या निवडणुकीत रील बघा, मीमवर हसा, जिंगलवर नाचा. पण दोन सोयी लक्षात ठेवा. आयोगाचं ‘नो युवर कँडिडेट’ उघडलंत की उमेदवाराची संपत्ती, शिक्षण आणि त्याच्यावरचे गुन्हे, सगळं प्रतिज्ञापत्रासकट दिसतं. आणि आचारसंहितेचा भंग दिसला की ‘सी-व्हिजिल’वर फोटो टाका, १०० मिनिटांत कारवाईचं आश्वासन आहे. पिझ्झापेक्षा थोडा उशीर, पण चालेल!

फॉलो हजारांना करा, लाइक शंभरांना ठोका. मत एकच आहे. ते प्रतिज्ञापत्र वाचून मगच द्या!